खाज तिथं, साखर रक्तात

आमच्या घरात शरीराच्या काही भागांना नावंच नव्हती. हात, पाय, पोट, कंबर इथपर्यंत सगळं व्यवस्थित. त्याखाली फक्त 'तिथं'. अम्मी आम्हा बहिणींशी बोलताना 'तिथं' म्हणायची आणि आम्ही समजून घ्यायचो. कवितेच्या नादानं मी जन्मभर शब्दांशी खेळले, पण हा शब्द मला कधी खटकला नव्हता. माझी थोरली बहीण, आपा, दोन वर्षं त्या 'तिथं'पायी हैराण झाली, तेव्हा खटकला. तिला विचारूनच हे सांगते आहे. "रेडिओवर बोल, पण माझं नाव घेऊ नकोस," एवढीच तिची अट.

आपा तेव्हा 54 वर्षांची होती. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. खाज, आग, लघवी करताना चरचर आणि अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखं घट्ट पांढरं जाणं. तिनं आधी कोमट पाण्यात जंतुनाशक घालून धुऊन पाहिलं. मग कडुलिंबाचा पाला उकळून. मग मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन औषधाच्या दुकानातून 'खाजेचं मलम' आणवलं. चार दिवस बरं वाटायचं, महिन्याभरात पुन्हा तेच. वजू टिकत नाही, कपडे पाक राहत नाहीत, म्हणून तिनं नमाज सोडली होती आणि घरात गुडघेदुखीचं कारण सांगत होती. तिच्या शेजारच्या काकूंनीही अशाच त्रासापायी देवघरात जाणं बंद केलं होतं, हे पुढं कळलं. भिंतीला भिंत लागून घरं, पण दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. आपाच्या मनात तर दुल्हाभाईंबद्दलही नको ती शंका येऊन गेली. तीस वर्षांच्या संसारानंतर!

शेवटी मीच तिला ओढत मिरजेला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि विचारलं, "मावशी, रक्तातली साखर कधी तपासली होती?"

"मला कुठली साखर? मी तर चहासुद्धा फिका पिते," आपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर निघाली 238. ती 126 किंवा त्याहून जास्त असली की मधुमेह समजतात. तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी 6.5 टक्क्यांपासून पुढे मधुमेह दाखवते, आपाची 10.2 होती. आमच्या अम्मीला मधुमेह होता, म्हणजे आपानं आधीच तपासून घ्यायला हवं होतं. आणि हो, मीसुद्धा.

आता खाजेचा आणि साखरेचा संबंध काय? नानच्या पिठात खमीर घालतात ते तुम्हाला माहीत आहे. खमीर म्हणजे यीस्ट, एक प्रकारची सूक्ष्म बुरशी. गोडी मिळाली की ती झपाट्यानं वाढते. तिचीच एक लांबची नातेवाईक कॅन्डिडा. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात असते. गुपचूप, कुणाला त्रास न देता. योनिमार्गात काही उपयोगी जिवाणूही असतात. ते तिथलं वातावरण आम्लधर्मी ठेवतात आणि या बुरशीला आवर घालतात.

रक्तातली साखर वाढली की हा तोल बिघडतो. साधारण 180च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीतून उतरू लागते. योनीतल्या स्रावातही गोडी वाढते. बुरशीला आयतं खाणं मिळतं, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी साखरेनं सुस्तावलेल्या असतात. असं असताना वरून मलम लावणं म्हणजे गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्यावर नुसत्या मुंग्या झटकत बसणं.

आपाचं वय ऐकून बाईंना संशय का आला, तेही समजून घेण्यासारखं आहे. हा संसर्ग तरुण वयात, गरोदरपणात, प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर पुष्कळ जणींना होतो. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतोच, असा अंदाज आहे. एकदा झाला म्हणजे मधुमेह असा अर्थ मुळीच नाही. पण पाळी गेल्यावर स्त्रीसंप्रेरक कमी होतं आणि ही बुरशीही सहसा मागे हटते. त्या वयात ती ठाण मांडून बसली, किंवा कोणत्याही वयात वर्षातून तीन-चार वेळा उलटली, तर साखर पाहायलाच हवी. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली आयसीएमआरच्या पाहणीतून पुढे आला. त्यातल्या कित्येकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं.

याउलटही एक गोष्ट घडते, ती मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी लांबलचक नावं असलेल्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. आधी यातल्या पहिलीचं आणि 2025 साली दुसरीचं पेटंट भारतात संपलं, त्या स्वस्त झाल्या आणि खेड्यापाड्यांतल्या चिठ्ठ्यांवरही दिसू लागल्या. औषधं चांगली आहेत. हृदयाला, मूत्रपिंडांना जपतात. पण लघवीतून साखर जाते म्हटल्यावर बुरशीचा त्रास वाढू शकतो. तसं झालं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

मलमांबद्दल मला थोडा राग आहे. आपाला दिलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जालीम स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं खाज दबते, बुरशी मात्र टिकून राहते आणि नाजूक कातडी पातळ होत जाते. ती ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती. धुण्याचंही तसंच. जंतुनाशकानं आत धुतलं की ते उपयोगी जिवाणूच आधी मरतात. आपल्याकडच्या बायकांना मुळात हा अस्वच्छतेचा रोग वाटतो, म्हणून त्या आणखी धूत बसतात, आणि म्हणूनच बोलत नाहीत. तो अस्वच्छतेचा नाही आणि बाहेरख्यालीचाही नाही. हे ऐकल्यावर आपा बाईंसमोर रडली. त्या रडण्याचा अर्थ मला घरी परतताना एसटीत कळला.

मधुमेही बायकांत एक वेगळीच गुंतागुंत असते. नेहमीच्या कॅन्डिडा अल्बिकन्सऐवजी त्यांच्यात कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही जात बऱ्याचदा सापडते. दिल्लीच्या एम्सचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही तेच सांगतो. तिला नेहमीची फ्लुकोनॅझोलची गोळी फारशी जुमानत नाही. त्या अभ्यासात बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या गोळ्या जास्त उपयोगी पडल्या. हे ऐकून कुणी कॅरमवरची बोरिक पावडर हाताशी धरू नये! ती पोटात गेली तर विष आहे, आणि गरोदरपणात तर हे औषधही चालत नाही. फ्लुकोनॅझोलची गोळीही गरोदर बाईनं आपल्या मनानं घेऊ नये.

आणि प्रत्येक खाज बुरशीची नसते. स्रावाला माशासारखा वास आला तर कारण वेगळं असतं, पाळी गेल्यावरचा कोरडेपणाही खाजवतो, कातडीचे काही आजारही असतात. पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नये. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

आपाला योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या दिल्या, नेहमीपेक्षा जास्त दिवस, आणि मधुमेहाचे उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. खाज पंधरवड्यात थांबली. साखर ताळ्यावर यायला पाच महिने लागले. दुल्हाभाईंनीही साखर तपासून घेतली; पुरुषांनाही हा त्रास होतो, हे त्यांना बाईंनीच सांगितलं. यंदा खोकल्यासाठी प्रतिजैविकं घेतल्यावर आपाला पुन्हा खाज आली. या वेळी ती मला न सांगता एकटीच एसटीनं मिरजेला गेली. जाताना शेजारच्या काकूंनाही बरोबर घेऊन गेली.