उपकरणचालक, संगणकीय

संगणकाची प्रचालन प्रणाली (म्हणजे संगणकाच्या सर्व कार्यांचे नियंत्रण करणारा मूलभूत कार्यक्रमसंच) आणि त्यास जोडलेली मुद्रक, ध्वनिपट्टिका, दृश्यपट्टिका, जालजोडणी, कळफलक इ. उपकरणे यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमास उपकरणचालक किंवा व्यवहारात नुसते ‘ड्रायव्हर’ म्हणतात. एखाद्या लेखनकार्यक्रमाने पान छापण्याची आज्ञा दिली, तर ती सर्व मुद्रकांसाठी सारखीच असते. परंतु विशिष्ट मुद्रकास ती कोणत्या संकेतांत द्यावयाची हे केवळ त्या मुद्रकाच्या चालकासच माहीत असते. त्यामुळे उपकरण निर्दोष असूनही चालक चुकीचा असल्यास ते निरुपयोगी ठरते. याउलट, बरेचसे चालक प्रचालन प्रणालीच्या गाभ्यात काम करीत असल्याने एका सदोष चालकामुळे संपूर्ण संगणक बंद पडू शकतो. म्हणूनच चालकांच्या फाइली ज्या फोल्डरांत असतात ती फोल्डरे संरक्षित ठेवलेली असतात आणि त्यांत बदल करण्याची रीत नियमबद्ध केलेली आहे.

स्थान व कार्य : आधुनिक संस्कारकात कार्यक्रमांसाठी अधिकारांच्या निरनिराळ्या पातळ्या असतात. सामान्य कार्यक्रम खालच्या अधिकारपातळीवर चालतात. त्यांपैकी एखादा बिघडल्यास प्रचालन प्रणाली तेवढाच बंद करते. गाभ्याच्या पातळीवर चालणाऱ्या चालकास मात्र संपूर्ण स्मृती व सर्व उपकरणे खुली असतात. त्याने स्मृतीतील अयोग्य जागी वाचन वा लेखन केल्यास पुढील हानी टाळण्यासाठी प्रचालन प्रणाली सर्व काम थांबविते. विंडोजमध्ये या वेळी दिसणारा निळा पडदा सर्वपरिचित आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात विंडोज एक्सपीच्या त्या काळी नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के चालकांमुळे होत असल्याचे नमूद केले होते.

इतिहास : १९८३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून वापरकर्त्यास बाहेरचे चालक जोडता येऊ लागले. त्यासाठी एका साध्या मजकूर-फाइलीत चालकाचे नाव लिहिणे पुरेसे असे. त्या काळी कोणत्याही फाइलीवर दुसरी फाइल टाकता येत होती व चूक झाल्यास ती ओळ खोडून टाकली की काम भागत असे. भारतीय लिप्यांच्या संदर्भात त्या काळातील एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. डॉसमध्ये देवनागरीची सोय नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेल्या आणि १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेल्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे संगणकात एक जादा पट्टिका बसवून मराठी मजकूर पडद्यावर आणता येऊ लागला. पुढे विंडोज २००० पासून देवनागरीची व्यवस्था प्रचालन प्रणालीतच अंतर्भूत झाली.

विंडोज ९५ व ९८ यांच्या काळात प्रत्येक नवा कार्यक्रम बसविताना सामाईक फाइलींवर आपली आवृत्ती लादत असे. त्यामुळे एक कार्यक्रम बसविला की दुसरा बंद पडे. यावर उपाय म्हणून विंडोज २००० मध्ये फाइल-संरक्षणाची योजना आली. प्रणालीची एखादी फाइल बदलल्याचे लक्षात येताच राखून ठेवलेली मूळ प्रत आपोआप तिच्या जागी ठेवली जाई. सामान्य ग्राहकांसाठी २००७ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ही योजना अधिक कडक झाली. प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विशेष सेवेकडे देण्यात आली व प्रशासकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीसही त्या थेट बदलता येईनाशा झाल्या. त्याच प्रणालीच्या ६४-बिट आवृत्तीत गाभ्यातील चालकांवर अंकीय स्वाक्षरी असणे बंधनकारक झाले. २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून सामान्यतः नव्या चालकांवर खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक ठरली.

स्वाक्षरीमुळे चालक कोणाकडून आला व वाटेत त्यात फेरफार झाला नाही एवढेच सिद्ध होते. तो निर्दोष किंवा निरुपद्रवी असल्याची ती हमी नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या उपद्रवी कार्यक्रमाच्या चालकांवर दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या आधारे स्वाक्षऱ्या केलेल्या होत्या.

थेट प्रत टाकण्यातील धोके : विंडोजमधील बहुतेक चालकांच्या चालू फाइली ‘सिस्टिम३२’ या फोल्डरातील ‘ड्रायव्हर्स’ या उपफोल्डरात असतात. तेथील जुनी फाइल काढून नवी टाकणे हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो. पण तो पुढील कारणांमुळे अयोग्य आहे.

पहिले कारण असे की, चालक म्हणजे एकच फाइल नसते. प्रत्यक्ष कार्यक्रमाबरोबर मांडणीची माहिती देणारी एक मजकूर-फाइल आणि संचातील सर्व फाइलींचे अंकीय ठसे नोंदविणारी एक स्वाक्षरित सूची असते. केवळ कार्यक्रमाची फाइल बदलल्यास तिचा ठसा सूचीशी जुळत नाही. मग विंडोज तो चालक नाकारते व उपकरणांच्या यादीत त्या उपकरणापुढे ५२ हा दोषक्रमांक दाखविते. दुसरे, प्रणालीच्या नोंदवहीत त्या चालकाविषयी ज्या नोंदी असतात त्या फाइलीची प्रत टाकल्याने बदलत नाहीत. तिसरे, व्हिस्टापासून प्रत्येक संचाची मूळ प्रत ‘ड्रायव्हरस्टोअर’ या वेगळ्या संरक्षित भांडारात ठेवली जाते. उपकरण पुन्हा जोडले गेल्यास त्या भांडारातूनच चालक बसविला जातो आणि हाताने केलेला बदल पुसला जातो. चौथे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट कार्यक्रमाने ‘सिस्टिम३२’ मध्ये फाइल टाकण्याचा प्रयत्न केल्यास ती गुपचूप ‘सिसवाऊ६४’ या दुसऱ्याच फोल्डरात जाते. वापरकर्त्यास फाइल बदलल्याचा भास होतो, पण चालक जुनाच राहतो.

काही जण संरक्षित फाइलींची मालकी स्वतःकडे घेऊन किंवा स्वाक्षरीची तपासणी बंद करून ही अडचण दूर करतात. असे करणे म्हणजे एक कुलूप उघडेना म्हणून घराचा दरवाजा काढून ठेवण्यासारखे आहे. त्या वाटेने पुढे उपद्रवी कार्यक्रमही गाभ्यात शिरू शकतात.

सुरक्षित बदलाची पद्धत : बदलाची गरज खरोखर आहे काय हे प्रथम ठरवावे. उपकरण नीट चालत असेल आणि सुरक्षेतील त्रुटी दूर करणारी नवी आवृत्ती आलेली नसेल, तर केवळ नवेपणासाठी चालक बदलू नये. बदल आवश्यक असल्यास उपकरणाची नेमकी ओळख करून घ्यावी. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या उपकरणांत आतील भाग निरनिराळे असू शकतात. म्हणून उपकरण-व्यवस्थापकात दिसणारे उत्पादकाचे व उपकरणाचे संकेतांक पाहणे श्रेयस्कर होय. चालू चालकाची आवृत्ती व दिनांक टिपून ठेवावा.

नवा संच प्रचालन प्रणालीच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून किंवा संगणकाच्या वा उपकरणाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. सर्व चालक आपोआप नवे करून देण्याचे आश्वासन देणारे परके कार्यक्रम टाळावेत.

यानंतर परतीची वाट तयार करावी. महत्त्वाच्या दस्तऐवजांची प्रत संगणकाबाहेर ठेवावी. चालू संच विंडोजमधील ‘पीएनपीयूटिल’ या साधनाने दुसऱ्या फोल्डरात काढून घ्यावा आणि प्रणालीचा पुनःस्थापन बिंदू निर्माण करावा. पुष्कळ संगणकांवर ही पुनःस्थापनाची सोय बंद ठेवलेली असते, म्हणून ती चालू असल्याची खात्री करावी. तबकडी ‘बिटलॉकर’ने सांकेतिक केलेली असल्यास तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी, कारण दुरुस्तीच्या वेळी ती मागितली जाते. जालजोडणीचा चालक बदलावयाचा असेल, तर जुना व नवा असे दोन्ही संच आधीच संगणकावर उतरवून घ्यावेत; अन्यथा जोडणी तुटल्यावर ती जोडणारा चालक मिळविण्याचा मार्गच उरत नाही.

प्रत्यक्ष बदल निर्मात्याच्या स्थापना-कार्यक्रमाने, उपकरण-व्यवस्थापकातून किंवा वर उल्लेखिलेल्या साधनास संचाची मांडणी-फाइल देऊन करावा. असे केल्यास स्वाक्षरीची तपासणी, भांडारातील नोंद आणि योग्य फोल्डरात प्रत टाकणे ही कामे प्रणाली स्वतःच क्रमाने पार पाडते. एका वेळी एकच चालक बदलावा आणि संगणक पुन्हा सुरू करून उपकरणाची परीक्षा घ्यावी. अनेक चालक एकदम बदलल्यास दोष कोणाचा हे ओळखणे कठीण जाते. जुना संच काही काळ समाधानकारक काम झाल्यावरच काढून टाकावा.

बिघाड झाल्यास विंडोज एक्सपीपासून उपलब्ध असलेल्या सोयीने पूर्वीचा चालक परत आणता येतो. संगणक सुरूच होत नसेल, तर काही अयशस्वी प्रयत्नांनंतर पुनःप्राप्तीचा विभाग आपोआप उघडतो. तेथून सुरक्षित अवस्थेत, म्हणजे केवळ अत्यावश्यक चालकांसह, संगणक सुरू करता येतो किंवा पुनःस्थापन बिंदूकडे परतता येते. प्रणालीच्या स्वतःच्या संरक्षित फाइली बिघडल्या असल्यास ‘एसएफसी’ हे साधन त्या तपासून मूळ प्रती परत ठेवते.

अन्य प्रणालींतील व्यवस्था : लिनक्समध्ये बहुसंख्य चालक गाभ्याचे सुटे घटक म्हणून असतात व गाभ्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी त्यांचे स्वतंत्र फोल्डर असते. त्यामुळे नव्या आवृत्तीत दोष आढळल्यास संगणक सुरू करताना जुनी आवृत्ती निवडता येते. अॅपलच्या मॅक प्रणालीत २०१५ पासून प्रणालीची फोल्डरे सर्वोच्च अधिकाऱ्यासही बंद करण्यात आली. २०१९ मध्ये प्रणालीचा संपूर्ण विभाग केवळ वाचनीय झाला व त्याच वर्षी काही प्रकारचे चालक गाभ्याबाहेर चालविण्याची सोय करण्यात आली. गाभ्याबाहेरचा चालक कोसळला तरी संगणक चालू राहतो.

१९ जुलै २००४ रोजीच्या नव्हे, तर त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी घडलेल्या घटनेने या विषयाचे गांभीर्य जगास कळले : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या गाभ्यातील चालकासाठी पाठविलेली माहितीची एक फाइल सदोष निघाली. चालक २१ वी नोंद वाचू पाहत होता, प्रत्यक्षात त्यास २० नोंदीच पुरविलेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबईसह भारतातील विमानतळांवर काही कंपन्यांना प्रवाशांची नोंद हातांनी करावी लागली. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तथापि बंद पडलेले अनेक संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरातील ती एक फाइल हातांनी काढून टाकावी लागली. ज्यांच्याजवळ बिटलॉकरची किल्ली नव्हती त्यांना हे साधे कामही करता येईना.

दृष्टिहीन वापरकर्ते : ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढे असलेल्या वांगणी येथे अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. उपनगरी गाड्यांत किरकोळ वस्तूंची विक्री करून त्यांतील पुष्कळ जण चरितार्थ चालवितात. अशा व्यक्तीने संगणक हाताळावयाचा म्हटल्यास तो पडदावाचक कार्यक्रमाच्या आधारे हाताळावा लागतो. पडद्यावरील मजकूर हा कार्यक्रम बोलून दाखवितो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये विकासास प्रारंभ झालेला ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य पडदावाचक प्रसिद्ध असून त्याच्याबरोबर येणाऱ्या वाचासंश्लेषकात मराठीचाही समावेश आहे.

डोळस व्यक्तीच्या दृष्टीने ध्वनिपट्टिकेचा चालक बिघडणे म्हणजे गाणी ऐकू न येणे. दृष्टिहीन व्यक्तीच्या दृष्टीने मात्र संपूर्ण संगणकच अंधारात जाणे होय. शिवाय दुरुस्तीसाठी सांगितला जाणारा सुरक्षित अवस्थेचा मार्गही तिला सहसा उपयोगी पडत नाही, कारण त्या अवस्थेत ध्वनिसेवा सामान्यतः सुरू होत नाही. म्हणून अशा वापरकर्त्याने ध्वनीचा चालक बदलण्यापूर्वी यूएसबी जोडणीचे एक वेगळे ध्वनिसाधन जवळ ठेवावे. त्यासाठी लागणारा सर्वसाधारण चालक विंडोजमध्येच असल्याने मुख्य ध्वनिपट्टिका मुकी झाली, तरी या साधनातून वाचन चालू ठेवता येते. ते साधन बदलापूर्वीच एकदा जोडून, पडदावाचकाचा आवाज त्यातून येत असल्याची खात्री करावी. स्पर्शाने वाचावयाचे ब्रेल दर्शक उपलब्ध असल्यास त्याचाही उपयोग होतो. शक्य तेव्हा डोळस मदतनीस जवळ असताना किंवा मोबाइलवरील व्हिडिओ संभाषणातून त्यास पडदा दिसत असताना हे काम करावे. पूर्वीचा चालक परत आणण्याच्या पायऱ्या कळफलकावरून अगोदर सरावाने पाठ केलेल्या असल्यास आवाज गेल्यावरही धीर सुटत नाही.

चालकांच्या फोल्डरांवरील संरक्षण हे वापरकर्त्याच्या मार्गातील अडथळा नसून त्याच्याच कामाची राखण आहे. ते न मोडता, ठरलेल्या रीतीने व परतीची वाट मोकळी ठेवून केलेला बदल सहसा घातक ठरत नाही.