लुईस-क्लार्क मोहिमेचे अध्यापन : ‘शोध लावणे’ आणि ‘शोध घेणे’

प्रस्तावना :
अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराच्या इतिहासात लुईस-क्लार्क मोहिमेस (१८०४-१८०६) महत्त्वाचे स्थान आहे. मात्र मार्ग व सनावळी यांपुरतेच अध्यापन झाल्यास दोन वीरांनी अज्ञात प्रदेशाचा ‘शोध लावला’, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. वस्तुतः तो प्रदेश तेथील मूलनिवासी समाजांस पूर्वापार परिचित होता. मोहिमेने त्याचा ‘शोध घेतला’. मराठीतील या दोन क्रियापदांचा भेद हाच अध्यापनाचा आरंभबिंदू ठरू शकतो.

मोहिमेचा हेतू :
राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी २० जून १८०३ रोजी लुईस यांना लेखी सूचना दिल्या. व्यापारासाठी पॅसिफिक महासागरापर्यंतचा सोयीस्कर जलमार्ग शोधणे हे त्यांतील मुख्य उद्दिष्ट होते. मूलनिवासींच्या भाषा, चालीरीती व व्यापार यांची नोंद घेण्यासही सांगितले होते. ज्ञानसंपादन व राज्यविस्तार येथे एकत्र आलेले दिसतात.

वर्गातील एक उदाहरण :
जून १८०५ च्या आरंभी मिसुरी नदीस दोन फाटे लागले. उत्तरेकडील प्रवाह मिसुरीसारखाच गढूळ असल्याने तोच मूळ प्रवाह होय, असे बहुतेक सहकाऱ्यांचे मत होते. लुईस व क्लार्क यांनी दक्षिणेकडील स्वच्छ प्रवाह निवडला. मिसुरीवर मोठा धबधबा आहे, ही माहिती त्यांना मागील हिवाळ्यात हिदात्सा लोकांकडून मिळाली होती. १३ जून रोजी लुईस यांना धबधबा दिसला आणि निवड योग्य ठरली. शिक्षकाने प्रथम प्रवाहांची वर्णने व हिदात्सांची माहिती एवढेच पुरावे द्यावेत, विद्यार्थ्यांकडून सकारण निर्णय घ्यावा आणि त्यानंतरच घटनाक्रम सांगावा. ज्ञान कोणाचे व श्रेय कोणास, हा प्रश्न मग विद्यार्थीच विचारतात.

पुढील प्रवासातही हेच दिसते. १२ ऑगस्ट १८०५ रोजी लुईस लेमी खिंडीत पोहोचले, तेव्हा समोर पर्वतरांगाच होत्या. शोशोनी प्रमुख कॅमेआवेट यांनी जमिनीवर नद्यांची आकृती काढून पुढील नदीमार्ग दुर्गम असल्याचे समजावले. शोशोनींकडून घोडे व वाटाड्या मिळाला. बिटररूट पर्वत ओलांडून उपाशी आलेल्या तुकडीस नेझ पर्स लोकांनी अन्न दिले.

समारोप :
१८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लार्क यांच्या नकाशात मूलनिवासींनी दिलेली माहितीही समाविष्ट होती. १८७७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याच नेझ पर्स लोकांविरुद्ध युद्ध केले व अनेकांना मायभूमीतून हद्दपार केले. मोहिमेचे धैर्य मान्य करूनही हा उत्तरार्ध वगळता येत नाही. नकाशा वाचताना तो कोणाच्या माहितीवर उभा आहे व कोणाच्या उपयोगी पडला, हे दोन्ही प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हेच या अध्यापनाचे खरे फलित होय.