तार्किक आज्ञावलीचा माग : औपचारिक वर्णनाचा प्रश्न

तार्किक आज्ञावलीचा विचार दोन अंगांनी करता येतो. दिलेल्या विधानांतून काय निष्पन्न होते, हे पहिले अंग. ते निष्पन्न करताना यंत्र कोणत्या क्रमाने चालले, हे दुसरे. या दुसऱ्या अंगाच्या नोंदीस आपण ‘माग’ म्हणू. प्रोलॉग भाषा १९७२ साली मार्सेय येथे जन्मास आली. तिच्या मागाचे सुटसुटीत चित्र लॉरेन्स बर्ड यांनी १९८० मध्ये मांडले. प्रत्येक उद्दिष्ट म्हणजे एक पेटी, आणि तिला चार द्वारे : आवाहन, सिद्धी, पुनर्यत्न व वैफल्य.

एक लहान उदाहरण घेऊ. नाशिकहून पंचवटीस रस्ता आहे; नाशिकहून सातपुरास आहे; सातपुराहून त्र्यंबकेश्वरास आहे, ही तीन विधाने. ‘क’हून ‘ग’ला व ‘ग’हून ‘ख’ला रस्ता असेल, तर ‘क’हून ‘ख’ला जाता येते, हा नियम. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाता येते काय, असे विचारले असता पहिल्या पेटीचे आवाहन होते. दुसरी पेटी ‘ग’ म्हणून पंचवटी देते. तिसरीत पंचवटीहून पुढचा रस्ता मिळत नाही, म्हणून वैफल्य. मग दुसऱ्या पेटीत पुनर्यत्न होऊन सातपूर हाती येते, चौथी पेटी सिद्ध होते व शेवटी पहिली. एकूण दहा घटना. पहिल्या दोन विधानांचा क्रम उलटवला तर घटना सहाच होतात. निष्कर्ष मात्र तोच राहतो.

परंतु चित्र म्हणजे व्याख्या नव्हे. औपचारिक वर्णनात यंत्राची अवस्था प्रथम निश्चित करावी लागते : पेट्यांचा वृक्ष, चालू पेटी, प्रत्येक पेटीत न वापरलेली विधाने आणि चलांची मूल्ये. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम सांगून प्रत्येक संक्रमणातून एक घटना काढावयाची. दरांसार, द्यूकासे व फेरां यांनी २००७ मध्ये बर्ड यांच्या प्रतिमानाचे असे निरीक्षणाधिष्ठित विवरण केले.

येथे कळीचा प्रश्न उलट दिशेचा आहे : केवळ मागावरून अवस्थांची पुनर्रचना करता येईल काय? एकच उद्दिष्ट दोन पेट्यांत आले आणि घटनेत पेटीचा क्रमांक नसेल, तर पुनर्यत्न कोणत्या पेटीचा हे ठरविता येत नाही. म्हणून क्रमांक हा केवळ सोयीचा भाग नाही. दोष शोधणारा अभ्यासक मागावरूनच यंत्राच्या अवस्थेचे अनुमान करतो. माग अपुरा असेल तर ते अनुमान केवळ तर्क ठरते.