नमुना इंदूरचा, निदान परगावी

डिसेंबर २०२०च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि काही दिवसांतच बर्ड फ्लूच्या विषाणूचं पूर्ण नाव हाती आलं: एच५एन८.

एके काळी इतक्या लवकर नाव कळणं अशक्य होतं. रुग्णाच्या घशातला स्राव कोंबडीच्या गर्भधारी अंड्यात टोचायचा आणि विषाणू वाढायची वाट पाहायची. १९४१मध्ये जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आलं, की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो. ज्या प्रतिपिंडांमुळे हे चिकटणं थांबतं, त्यांवरून विषाणूचा प्रकार ठरू लागला. कित्येक दशकं प्रयोगशाळांनी याच चाचणीवर भिस्त ठेवली. चाचणी खात्रीची, पण अंड्यातली वाढ धरून आठवडा सहज जाई.

२००९च्या स्वाइन फ्लूत आरटी-पीसीआर ही मुख्य चाचणी ठरली. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तिथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर नमुन्यांचा लोंढा आला. ही चाचणी विषाणूच्या आरएनएचे ठरावीक तुकडे शोधते: एका तुकड्यावरून ‘ए’ प्रकार कळतो, दुसऱ्यावरून उपप्रकार. सोबत माणसाचाही एक जनुक तपासतात. तो सापडला नाही, तर स्वॅबच नीट घेतलेला नाही असं समजायचं. मला ही खबरदारी फार मोलाची वाटते. पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्याही तेव्हा वापरात होत्या, पण त्यांच्या हातून बरेच रुग्ण निसटत. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचंच.

चाचणी काही तासांवर आली, तरी इंदूरची प्रतीक्षा संपली नाही. २०१५च्या स्वाइन फ्लूच्या साथीत इथले स्वॅब जबलपूरला जात. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत गुणकारी. तो वेळ प्रवासात आणि तिथल्या रांगेत सरायचा. २०२०मध्ये कोविडच्या निमित्ताने इथल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर होऊ लागली, तरी एप्रिलमध्ये नमुने इतके साचले, की विमानाने दिल्लीला धाडावे लागले.

माझ्या मते चाचणीच्या वेगाइतकंच प्रयोगशाळेचं अंतर महत्त्वाचं आहे. म्हणून साथ नसतानाही, दर पावसाळ्यात आणि थंडीत, शहरातल्या यंत्रांवर फ्लूचे नमुने तपासले जावेत. आणि डॉक्टरांनी स्वॅब द्यायला सांगितला, तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्या. पुढे विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते.