यात मका आहे का?

रमजानमध्ये आमच्या गल्लीत संध्याकाळी साडेपाचनंतर ताटांची ये-जा सुरू होते. रुमालाने झाकलेले ताट घेऊन एखादे पोर दारात उभे राहते, "अम्मीने भेजा है" म्हणते आणि रिकामे ताट परत नेण्यासाठी थांबते. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. काही नाही तर चार खजूर तरी ठेवायचे. ही रीत मराठी घरांनाही नवी नाही. दिवाळीच्या फराळाची ताटे याच गल्लीतून अशीच फिरतात.

आमच्या घरात मात्र ताट आले की रुमाल उचलण्याआधी एक प्रश्न विचारला जातो. तो विचारते माझी धाकटी मुलगी. ती आता चौदा वर्षांची आहे. "इसमें मक्का है क्या?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रश्न उद्धट वाटतो. कोणी प्रेमाने पाठवलेल्या इफ्तारीची अशी उलटतपासणी करायची का? मलाही एके काळी तसेच वाटायचे. आज मी घराबाहेर पडताना हा प्रश्न तिच्याबरोबर आहे ना, याची खात्री करतो.

तिला मक्याची तीव्र अॅलर्जी आहे. मक्यातल्या प्रथिनाला तिचे शरीर शत्रू समजते. पोटात गेले की काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, खोकला लागतो, आणि वेळेत औषध मिळाले नाही तर श्वास आणि रक्तदाब दोन्ही धोक्यात येतात. "भाजून, उकडून खाल्ले तर चालेल का?" असे बरेच जण विचारतात. चालत नाही. मक्यातले अॅलर्जी आणणारे एक प्रमुख प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. कणीस भाजले किंवा पीठ शिजवले तरी ते टिकून राहते.

ही अॅलर्जी दुर्मीळ आहे, त्यामुळे सुरुवातीला कोणाच्या लक्षातच आले नाही. अंगावर उठायचे तेव्हा कोणी उष्णता म्हणाले, कोणी नजर म्हणाले. अम्मीने मिरच्या उतरवल्या, मी कॅलामाइन लावले. ती चार वर्षांची असताना नाशिकच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तिने काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, हे सगळे विचारून घेतले. मग त्वचेवर टोचून करायची चाचणी आणि रक्ताची तपासणी झाली, आणि नाव कळले.

कणसापुरता प्रश्न नव्हता

नाव कळले तेव्हा मला हायसे वाटले होते. मका ना? कणीस नको, पॉपकॉर्न नको, झाले. आमच्या खान्देशात गावाबाहेर पडले की दोन्ही बाजूंना मका उभा असतो, पण आमच्या घरात भाकरी ज्वारी-बाजरीची. ज्वारी-बाजरी ही मक्याचीच भावकी, म्हणून डॉक्टरांनी त्यांचीही चाचणी केली. सुदैवाने ती तिला चालतात.

पण शेतातला मका घरात येतो तो कणसाच्या रूपात कमीच. बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि बराचसा स्टार्चच्या कारखान्यात. तिथून तो नाव बदलून बाहेर पडतो. कॉर्नफ्लोअर, कस्टर्ड पावडर, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, सॉर्बिटॉल ही सगळी बहुतेक वेळा मक्याची लेकरे. बेकिंग पावडरमध्ये भर म्हणून स्टार्च असतो. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतो. औषधाच्या गोळीत औषध चिमूटभर आणि बाकीची भर, त्या भरीत कित्येकदा मक्याचाच स्टार्च.

यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक रुग्णाला बाधतेच असे नाही. ग्लुकोज किंवा मक्याचे तेल चांगले शुद्ध केलेले असेल, तर त्यात प्रथिन जवळपास उरत नाही. काहींना ते पचते, काहींना नाही. आमच्या मुलीला काय चालते, ही यादी डॉक्टरांनी ठरवून दिली आहे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या यादीशी जुळेलच असे नाही.

आता इफ्तारचा बाजार डोळ्यांसमोर आणा. फ्रूट कस्टर्ड मक्याचे. फालुद्यातली शेव बहुधा मक्याच्या स्टार्चची. चिकन सिक्स्टी-फाइव्हचा कुरकुरीतपणा कॉर्नफ्लोअरचा. मंचुरियनचा दाट रस्सा त्याचाच. कबाब सुटू नयेत म्हणून काही जण तेच घालतात. समोशात मका नसतो, पण ज्या कढईत आधी कॉर्नफ्लोअर लावलेले चिकन तळले, त्याच तेलात समोसा उतरतो. पाकीटबंद खजुरावर चकाकीसाठी कधी ग्लुकोजचा पाक असतो. म्हणजे रोजा ज्या पहिल्या घासाने सोडायचा, त्याचेही पाकीट आधी वाचायचे.

पाकीट वाचून सगळे कळते, असेही नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांत ज्या अॅलर्जीकारक पदार्थांची नोंद वेगळी ठळक करावी लागते, त्यांत गहू-जवासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. मका त्या यादीत नाही. अमेरिका आणि युरोपच्या सक्तीच्या याद्यांतही नाही. घटकांमध्ये नुसते "स्टार्च" लिहिलेले असले, तर ते बटाट्याचे, टॅपिओकाचे की मक्याचे, हे गिऱ्हाईकाने ओळखायचे कसे? मी कॉलेजात मुलांना मजकुराचे बारकाईने वाचन शिकवतो. खरे बारकाईचे वाचन मी किराणा दुकानात उभा राहून शिकलो.

ती फिरनी

आठ वर्षांपूर्वीचा रमजान ऐन उन्हाळ्यात होता. मुलगी सहा वर्षांची. माझी थोरली बहीण, मुलांची फुफी, आमच्याकडे इफ्तारला आली होती. भाचीला बाजारचे काही चालत नाही म्हणून तिने मुद्दाम स्वतःच्या हाताने फिरनी करून आणली होती. फिरनी म्हणजे दूध, साखर आणि भिजवून वाटलेला तांदूळ. यात मका येणार कुठून?

मी मशिदीत रोजा सोडला, मगरिबची नमाज पढून घरी आलो. दार उघडे होते. दस्तरखान पसरलेला, वाट्या जशाच्या तशा, आणि घरात फक्त अम्मी, भिंतीला टेकून बसलेली. तिला बोलता येत नव्हते. शेजारचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, "सर, आमच्या बाबांनी गाडीतून दवाखान्यात नेलंय."

मी पोहोचलो तोवर डॉक्टरांनी मांडीत अॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिले होते. तिचा आवाज परत येत होता. शेजारचे काका बाहेर बाकावर बसून होते, पायांत घरातलीच स्लीपर. त्या रात्री तिला तिथेच ठेवले, कारण असा झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. फिरनी पातळ वाटली म्हणून आपाने त्यात दोन चमचे आरारूट घातले होते. आरारूट हा एका कंदाचा स्टार्च, मक्याशी त्याचा संबंध नाही, हे तिने आठवून केले होते. मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराने सुट्या मालाचे पोते दाखवले. त्यावर मक्याचा स्टार्च असे छापलेले होते. तो निरागसपणे म्हणाला, "सर, सगळे याला आरारूटच म्हणतात." खोटे नव्हते. आपल्याकडे ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

आपा पुढे दोन वर्षे आमच्याकडे काही करून आणेना. येताना फळे आणायची, तीही न कापलेली. तिला कोणी दोष दिला नव्हता. तिने स्वतःलाच दिला होता. मुलीच्या अंगावरची सूज दोन दिवसांत उतरली. आपाच्या मनातली उतरायला फार दिवस लागले.

शेजारच्या काकू

त्या प्रसंगानंतर आम्ही माणसांपासून दूर सरकलो. ताट आले की थँक्यू म्हणून ठेवून घ्यायचो आणि मागच्या दाराने वाटून टाकायचो. वलीम्याला गेलो तर मुलीचा डबा बरोबर. एका जेवणात तिने डबा उघडला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "दावत में घर का डब्बा? थोडा चख लेती तो क्या बिगड़ता?" मी गप्प बसलो. मुलीनेही डबा मिटला. त्या रात्री ती उपाशी झोपली, आणि माझे गप्प बसणे मला आजही बोचते.

हे बदलले ते शेजारच्या काकूंमुळे. एका चतुर्थीला त्या दारात आल्या, हातात वही. म्हणाल्या, "सर, हिला काय चालत नाही ते सगळं लिहून द्या." मी संकोचलो. एवढी मोठी यादी, तुम्ही कुठे लक्षात ठेवणार, असे काहीतरी बोललो. त्यावर त्या म्हणाल्या, "उपवासाला हे चालतं का, ते चालतं का, हेच तर आम्ही जन्मभर विचारत आलो. पळी वेगळी, पातेलं वेगळं, तेल नवं. तुमच्या पोरीचा रोजचाच उपवास समजायचा."

इतक्या वर्षांत एवढ्या सोप्या शब्दांत ही गोष्ट मलाही कोणाला सांगता आली नव्हती. उपवासाला चालत नाही म्हणून कोणी पोह्यांची बशी परत केली, तर यजमानाला अपमान वाटत नाही. तो साबुदाणा भिजत घालतो. आमच्यात दुसऱ्याच्या घरी जेवताना मांस हलाल आहे ना, असे विचारतात, तेही कोणाला खटकत नाही. मग एका मुलीच्या जिवासाठी विचारलेला प्रश्न का खटकावा?

काकूंनी तिच्यासाठी एक स्टीलचे पातेले वेगळे ठेवले आहे. त्यात राजगिऱ्याची खीर होते, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होतो. काकूंचे पाहून गल्लीतल्या बाकी घरांनीही विचारायला सुरुवात केली. आता इफ्तारच्या ताटाबरोबर कधी कधी चिठ्ठी येते. उर्दूत, मराठीत, एकदा तर चित्र काढून: कणीस आणि त्यावर फुली.

आमच्या स्वयंपाकघरातूनही मका पूर्ण गेला. मुलीचा वेगळा आणि घरच्यांचा वेगळा, असे आम्ही केले नाही. फिरनी वाटलेल्या तांदळाने आणि सबुरीने दाट होते. शामी कबाबला हरभऱ्याची डाळ पुरते. भज्यांच्या बेसनात चमचाभर तांदळाचे पीठ घातले की कुरकुरीत होतात. पिठीसाखर मिक्सरमध्ये घरीच. खजूर सुटा, बियांसकट, धुऊन. खरे तर आमच्या आजीच्या काळातला दस्तरखान असाच होता.

तुमच्या घरात असे कोणी असेल तर

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, अंगावर उठले म्हणून अंदाजाने मुलांचे खाणे तोडू नका. तपासणी करून घ्या. नाहीतर उगाच दहा पदार्थ बंद होतात आणि खरा अकरावा राहून जातो.

दुसरी, अंगावर गांधी उठून त्याबरोबर श्वास लागला, आवाज बदलला, वारंवार उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर विसंबू नका. अशा वेळी पहिले औषध अॅड्रेनालिन. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवायचे, उठून चालू द्यायचे नाही. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यायचे, आणि तडक दवाखाना गाठायचा. पेनासारखे तयार इंजेक्शन तालुक्याच्या गावात सहज मिळत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला अॅम्प्यूल, सिरिंज आणि ठरवून दिलेली मात्रा हे सगळे हाताला वळण लागेपर्यंत शिकवले. ती छोटी पिशवी मुलीच्या दप्तरात असते, एक घरी असते. मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते.

या वर्षी मुलगी रोजे ठेवते आहे, डॉक्टरांना विचारून. कुरआनच्या दुसऱ्या सुरेत आजारी माणसाला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. तिला आम्ही सांगून ठेवले आहे की जिवावर बेतले तर रोजाचा विचार करत बसायचे नाही. परवा आपा आली होती. आठ वर्षांनी पहिल्यांदा तिने फिरनी आणली. तांदूळ घरचा, वाटण घरचे, आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदावर चार घटक. मुलीने तरीही विचारले, "फुफी, इसमें मक्का है क्या?" आपा हसली, "नहीं बेटा. पूछ लिया, अच्छा किया." दोघींनी एकाच वाटीतून खाल्ली.

ईदला आमच्याकडे शीरखुर्मा घ्यायला या. आमंत्रण सगळ्यांना आहे. त्यात काय काय असते ते आधीच सांगतो: दूध, मैद्याच्या शेवया, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते, तूप आणि साखर. यातले तुम्हाला काही चालत नसेल तर संकोच न करता सांगा. तुमची वाटी वेगळी ठेवू.