माजी सैनिकांची जुनी दुखणी आणि औषधाविना उपचार: गैरसमज व वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या जवान देत आलेल्या गावांकडून येणारा रस्ता कात्रजचा घाट उतरून पुण्यात शिरतो. कात्रज, धनकवडी, आंबेगाव या भागांत निवृत्तीनंतर राहणाऱ्या माजी सैनिकांच्या दृष्टीने या शहराचे महत्त्व मोठे आहे. कारण वानवडीचे कमांड हॉस्पिटल, १९४४ साली स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र आणि कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकी येथे १९७४ पासून चालणारे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र या तिन्ही संस्था येथेच आहेत. सैनिकी सेवेतून उरणारी दुखणी ठरावीक वळणाची असतात: पाठीवरच्या ओझ्यासह केलेल्या चढउतारांनी झिजलेले गुडघे, पॅराशूटने उतरताना मणक्यांना बसलेले हिसके, सियाचीनसारख्या ठिकाणच्या हिमबाधेनंतर बोटांत राहिलेली आग, सुरुंगस्फोटात गमावलेल्या पायाची वेदना. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांना इजा होण्याचा धोका वाढत असल्यामुळे औषधाविना उपचारांचा शोध घेणे रास्तच आहे. मात्र या शोधात ऐकीव माहिती आणि जाहिराती वाट चुकवतात. म्हणून प्रचलित गैरसमजांची शहानिशा करणे आवश्यक ठरते.

गैरसमज: एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, तर दुखणे मनाचे आहे.

वस्तुस्थिती: तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात, आणि अशा वेदनेत मूळ जखम भरून आल्यावरही मज्जासंस्था, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू व नसा यांचे जाळे, अतिसंवेदनशील राहू शकते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येत प्रत्यक्ष इजा नसतानाही इजेसारखी जाणवणारी वेदना ही वेदनाच मानली आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे छेदन झालेल्या अवयवाची आभासी वेदना, जिचे वर्णन अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी केले होते. पाय नसतो, पण त्याच्या तळव्यात पेटका येतो, कारण त्या पायाचा मेंदूतील नकाशा शाबूत असतो.

या वेदनेवर भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपचार पुढे आणला. रुग्णाने दोन पायांच्या मधोमध उभा आरसा ठेवायचा, शाबूत पायाचे प्रतिबिंब गमावलेल्या पायाच्या जागी दिसेल असे बसायचे आणि प्रतिबिंबाकडे पाहत घोटा सावकाश वरखाली हलवायचा, बोटे मिटायची व उघडायची. त्याच वेळी नसलेल्या पायानेही तशीच हालचाल करण्याचा प्रयत्न करायचा. वॉल्टर रीड या अमेरिकी लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज १५ मिनिटे हा सराव करणाऱ्या गटातील सहाही जणांची वेदना चार आठवड्यांत कमी झाली. अभ्यास लहान होता आणि प्रत्येकाला असाच गुण येईल असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही साध्या आरशाने होणारा आणि गोळी न लागणारा हा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करून पाहण्यास निश्चितच योग्य आहे.

गैरसमज: कंबर दुखत असेल तर पट्टा बांधावा, वजन लावावे आणि पडून राहावे.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि ज्या कंबरदुखीमागे अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा गाठ यांसारखे विशिष्ट कारण नसते तिच्यासाठी कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कणा ताणणे, तसेच अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत, असे त्यांत सुचवले. उलट व्यायाम, दुखण्याविषयीचे योग्य शिक्षण, मसाज, तज्ज्ञाने केलेले मणक्यांचे हस्तोपचार आणि मानसोपचारपद्धती यांचा पुरस्कार केला. दीर्घ विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि हालचालीची धास्ती वाढते, म्हणून पडून राहणेही टाळावे. १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पुनर्वसनाच्या काळात पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. प्रत्येक जखमी जवान पदक जिंकणार नाही हे उघड आहे. परंतु पुनर्वसनाचा पाया हालचाल हाच असतो, हे या उदाहरणातून ठसते.

गैरसमज: करंट देणारे यंत्र घरी आणले की दुखणे मुळापासून जाते.

वस्तुस्थिती: बोलीभाषेत ज्याला ‘करंट लावणे’ म्हणतात त्या उपचारांपैकी घरगुती वापराचे यंत्र म्हणजे टेन्स. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून विजेचे सौम्य स्पंद सोडून नसा उत्तेजित करणे एवढेच ते यंत्र करते. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्श वाहून नेणाऱ्या नसा उत्तेजित झाल्या की मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश काही अंशी अडवले जातात, आणि टेन्सचा वापर याच कल्पनेतून रुजला. यंत्र चालू असताना व त्यानंतर थोडा वेळ काहींना आराम मिळतो. झिजलेला सांधा किंवा सरकलेली चकती त्याने दुरुस्त होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वरील सूचनांमध्ये तर कंबरदुखीचा नेहमीचा उपचार म्हणून टेन्सचीही शिफारस केलेली नाही. म्हणून या यंत्राचे योग्य स्थान मर्यादित आहे: त्याने मिळालेल्या आरामाच्या वेळेत व्यायाम किंवा चालणे शक्य झाले, तर ते उपयोगी पडले असे म्हणता येईल. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ते लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूवर, जखमेवर आणि मधुमेहाने किंवा हिमबाधेने बधिर झालेल्या त्वचेवर पट्ट्या चिकटवू नयेत.

गैरसमज: यंत्र जितके महाग, तितका गुण मोठा.

वस्तुस्थिती: चुंबकीय गाद्या, चुंबकाची किंवा तांब्याची कडी यांनी दीर्घकालीन वेदना कमी होते, याला नियंत्रित चाचण्यांमधून विश्वासार्ह आधार मिळालेला नाही. मज्जारज्जूजवळ शस्त्रक्रियेने तारा बसवून विद्युत्‌स्पंद देणारे उपकरण हा वेगळा, वैद्यकीय उपचार आहे. तो निवडक रुग्णांनाच दिला जातो, कायमचे उपकरण बसवण्यापूर्वी काही दिवस तात्पुरत्या तारांनी त्याची चाचणी घेतली जाते, आणि कंबरदुखीत त्याचा दीर्घकाळ फायदा होतो का याबद्दल संशोधकांत गंभीर मतभेद आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व परवाना क्रमांक आहे का, हे खरेदीपूर्वी पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मात्र परवाना असणे म्हणजे जाहिरातीतील प्रत्येक दावा सिद्ध होणे नव्हे.

गैरसमज: योगासने निरुपद्रवी असतात, ती पाहून पाहून कोणीही करावीत.

वस्तुस्थिती: सान दिएगो येथे दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या १५० माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा याप्रमाणे १२ आठवडे योग करणाऱ्यांची दैनंदिन कामांतील अडचण सहा महिन्यांअखेर अधिक कमी झालेली आढळली. यातील महत्त्वाचा भाग देखरेखीचा आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, खुर्ची, विटा व पट्टे यांच्या आधाराने आसने करून घेण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे मर्म आसन शरीराच्या मर्यादेनुसार बदलणे हेच आहे. कृत्रिम पाय किंवा जुना अस्थिभंग असलेल्या व्यक्तीने हा बदल जाणकाराकडूनच करून घ्यावा.

गैरसमज: औषधाविना उपचार सुरू केले की गोळ्या लगेच बंद कराव्यात.

वस्तुस्थिती: अफूजन्य वेदनाशामके आणि नसांच्या वेदनेवरील काही औषधे एकाएकी थांबवल्यास शरीर बिथरते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. जोरदार गोळीच चांगली, ही समजूतही खरी नाही: अमेरिकेतील माजी सैनिकांच्या दवाखान्यांत पाठ, खुबा व गुडघा यांच्या दीर्घकालीन वेदनेचे २४० रुग्ण घेऊन झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभराच्या उपचारानंतर अफूजन्य औषधे इतर औषधांहून सरस ठरली नाहीत.

गैरसमज: सैनिकाने दुखणे सोसायचे असते.

वस्तुस्थिती: रणांगणावर उपयोगी पडलेली सोशिकता निवृत्तीनंतर उपचार लांबवते. अपुरी झोप, चिंता आणि युद्धाच्या आठवणींचा ताण यांनी वेदना वाढते. त्यामुळे समुपदेशन हा वेदनेवरील उपचाराचाच भाग आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या सदस्यांनी आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी करून तेथून तज्ज्ञांकडे जाण्याचे रेफरल घ्यावे. कात्रजलगत धनकवडीच्या भारती विद्यापीठ परिसरात रुग्णालयाबरोबरच फिजिओथेरपीचे, म्हणजे भौतिकोपचाराचे, महाविद्यालयही आहे. लघवी-शौचावरील ताबा जाणे, पायातील शक्ती अचानक कमी होणे, ताप किंवा कारणाविना वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास मात्र कोणत्याही यंत्राचा प्रयोग न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

औषधाविना उपचारांची खरी कसोटी वेदना शून्यावर आली का ही नसून, चालणे, जिना चढणे, झोप आणि घरातील कामे यांत किती फरक पडला ही आहे. म्हणून प्रत्येक माजी सैनिकाने व त्याच्या कुटुंबीयांनी कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी या चार गोष्टी वहीत नोंदवाव्यात, डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाशी ठरवलेल्या मुदतीनंतर त्या पुन्हा तपासाव्यात, आणि ज्या उपचाराने या नोंदींत काहीच सुधारणा दिसत नाही त्यावर आणखी पैसा खर्च करू नये.