बदामातली भीती

दहावी-बारावीचं वर्ष आलं की घराघरांत रात्री वाटीत बदाम भिजत पडतात. मुलाची बुद्धी वाढावी म्हणून. मुलाच्या डोक्यात मात्र एक बदाम आधीपासूनच असतो, कानशिलाच्या आत, खोलवर. आकारावरून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला ग्रीकमधलं बदामाचंच नाव दिलं : अमिग्डला. भीतीचा, धास्तीचा बराचसा कारभार इथून चालतो. शेजारी हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा. स्मरणाचं खातं त्याच्याकडे.

ताण मेंदूला पोखरतो, ही समजूत या समुद्रघोड्यामुळे रुजली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं आणि ते हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसलेलं त्यांना दिसलं. हे १९६८ सालचं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ताणाच्या वेळी सुटणारं हे संप्रेरक थेट आठवणींच्या दारात पोचत होतं. ताण लांबला की तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, हेही पुढे कळलं.

मग बदामाचं काय होतं? हा प्रश्न बेंगळुरूत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवशास्त्र केंद्रात, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लावून धरला. उंदराला रोज दोन तास हलता येणार नाही असं जखडून ठेवायचं, असं दहा दिवस. मग मेंदूचे काप गॉल्जीच्या पद्धतीने रंगवायचे. ही १८७३ची पद्धत मोठी लहरी आहे. क्रोमियम आणि चांदीच्या क्षारांत बुडवलेल्या कापात शेकडा एखाद-दुसरीच पेशी काळी होते, पण होते ती बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. बाकीच्या पारदर्शकच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली पानगळ झालेल्या झाडासारखी ती दिसते आणि संशोधक बसून तिची फांदी न् फांदी कागदावर उतरवतो. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर काळ्या डागाखेरीज हाती काही लागलं नसतं.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : त्याच ताणाने हिप्पोकॅम्पसमधली झाडं खुरटली, अमिग्डलातली मात्र फोफावली. नंतर उंदरांना एकवीस दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस सावरला. बदामातली वाढ तशीच राहिली आणि उंदरांचं बिचकणंही. सुट्टीत चार दिवस गावी जाऊन आलं की माणूस ताजातवाना होतो असं आपण म्हणतो; ते निम्मंच खरं असावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

याहून चक्रावणारा प्रयोग २००५चा. फक्त एकदाच, दोन तास जखडलं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर काहीच बदल नाही. दहा दिवसांनी मात्र अमिग्डलातल्या पेशींवर नवे काटे उगवले होते आणि उंदीर घाबरट झाले होते. अपघातातून सहीसलामत सुटलेला माणूस आठवडाभराने दचकून उठू लागतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘आता काय झालं तुला?’ आत काय चाललं असेल, याचा अंदाज हे काटे देतात. गंमत म्हणजे, ताणाच्या वेळी संप्रेरकाची पातळी आधीच वाढवून ठेवली, तर हे काटे येत नाहीत. ज्याला आपण खलनायक ठरवलं, तो इथे राखणदार निघाला.

मुंबईत कुलाब्याला, याच संस्थेत, विदिता वैद्य बालपणाच्या बाजूने शोध घेतात. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं, तर ती मोठेपणी धास्तावलेली राहतात. त्याच दिवसांत सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राही औषधाने रोखला, तर ही धास्ती मूळ धरत नाही. म्हणजे खिडकी आहे, पण ती दोन आठवड्यांची. माणसाच्या मुलांत ती किती काळ उघडी असते, ते उंदरांवरून ठरवता येत नाही. बेंगळुरूचे ते उंदीरही सगळे नर होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

चटर्जी पुढे कोलकात्यातल्या एका मेंदूसंशोधन केंद्राचे संचालक झाले. त्या केंद्राच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की शब्द होतो ‘चिंता’. बंगालीत त्याचा अर्थ विचार.